ताप उतरला तो गुरुवार

माझा व्यवसाय ताप मोजण्याचा आहे, पण मी डॉक्टर नाही. ब्राउनश्वाइगमधल्या एका प्रयोगशाळेत मी थर्मामीटर तपासते. एखादा थर्मामीटर सदतीस अंश दाखवत असेल, तर ते खरोखर सदतीस आहेत की सदतीसच्या पुढे एखादा बारीकसा तुकडा आहे, हे ठरवणं माझं काम. नागपूरला हे समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. "म्हणजे तू थर्मामीटर विकतेस?" इथपासून "यासाठी पीएचडी लागते?" इथपर्यंत सगळे प्रश्न मी हसतमुखाने ऐकले आहेत. त्यामुळे मला स्वतःला सणसणून ताप भरला आणि घरातल्या थर्मामीटरवर एकोणचाळीस पूर्णांक आठ दिसले, तेव्हा मी नवऱ्याला पहिलं वाक्य म्हणाले ते हे, की या यंत्राचा मला भरवसा नाही.

नवरा म्हणाला, "यंत्र ठीक आहे. तू ठीक नाहीस."

तो शनिवार होता. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत चार आठवडे नागपूरला राहून आम्ही त्याच आठवड्यात परतलो होतो. नागपूरचा पावसाळा हा डासांचा हंगाम, आणि घरात दहा माणसं झोपलेली असली तरी डास नेमके मलाच शोधून काढतात. नवऱ्याच्या अंगावर एक ठिपका नाही, मुलीच्या अंगावर नाही, माझ्या पायांची मात्र रांगोळी. मी ते मनावर घेतलं नव्हतं, कारण डोक्यात एकच गोष्ट होती: पुढचा शनिवार.

पुढच्या शनिवारी लेकीची आइनशूलुंग होती. पहिलीत जाणाऱ्या मुलांचा हा समारंभ. इथले लोक लग्न दहा मिनिटांत सरकारी कचेरीत उरकतील, पण आइनशूलुंग उरकत नाहीत. पोरांच्या हातात जवळजवळ त्यांच्याच उंचीचा रंगीत कागदी कोन असतो, खाऊ आणि पेन्सिलींनी गच्च भरलेला. शाळेच्या हॉलमध्ये एकेका मुलाचं नाव पुकारतात, ते मूल स्टेजवर जातं आणि समोर बसलेले आईबाप डोळे पुसतात. लेकीने सहा महिने आधीपासून बजावलं होतं की आईने पहिल्या रांगेत बसायचं आणि पप्पांनी फोटो काढायला लोकांच्या मधे मधे यायचं नाही. मी शब्द दिला होता. असले शब्द देताना मला माझ्या तब्येतीचा फार अभिमान असायचा.

या समारंभासाठीच आम्ही येताना सासऱ्यांना बरोबर आणलं होतं. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणामुळे नागपुरातच थांबल्या. सासरे, म्हणजे बाबा, एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं टेक्निशियन होते. माणूस अतिशय सज्जन आणि माझ्याशी बोलण्याच्या बाबतीत अतिशय कंजूस. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत ते माझ्याशी थेट बोललेली वाक्यं एका पोस्टकार्डावर मावली असती. राग वगैरे काही नाही. सुनेशी अदबीने, अंतर ठेवून वागायचं ही त्यांची रीत. काही सांगायचं असलं की ते मधल्या माणसाला सांगत. "आईला सांग, चहा चांगला झाला." ब्राउनश्वाइगमध्ये मधलं माणूस म्हणजे आमची लेक. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येते ती जर्मन. ती धावत स्वयंपाकघरात येऊन मला चहाची बातमी जर्मनमध्ये सांगे. मी मराठीत उत्तर देई, जे बाबांना तीन फुटांवरून स्वच्छ ऐकू येई, तरी ते लेक परत येईपर्यंत थांबत. ती त्यांना माझं उत्तर जर्मनमध्ये सांगे. ते गंभीरपणे मान डोलावत.

रविवारी अंग असं दुखायला लागलं की उशीसुद्धा टोचावी. डोळ्यांच्या मागे कोणीतरी खिळे ठोकत होतं. नवऱ्याने इथल्या प्रत्येक घरात असते ती आयबुप्रोफेनची पट्टी आणली. तेवढ्यात लेक खोलीत आली, माझ्या हातातली गोळी काढून घेतली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबा म्हणतात ही गोळी नाही. आजोबा म्हणतात दुसरी." दाराबाहेर बाबा पाठ करून उभे होते. त्यांनी एवढंच म्हटलं, तेही भिंतीला, "पॅरासिटामॉल द्यावं. रक्त तपासावं."

सोमवारी आमच्या डॉक्टरांनी "इंडिया" आणि "डास" हे दोन शब्द ऐकले आणि चिठ्ठी लिहून दिली. मंगळवारी मी इस्पितळात होते, आणि दुपारपर्यंत निदान हातात होतं: डेंग्यू. आयबुप्रोफेनने त्यात रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही तेव्हाच कळलं.

वॉर्डातली डॉक्टर तरुण होती, उंच, अंगाने बारीक आणि अतिशय मन लावून काम करणारी. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काळजी होती, पण काळजीच्या मागे थोडा आनंदही होता आणि तो तिला लपवता येईना. तिने डेंग्यू पुस्तकात वाचला होता, प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होती. हॅम्बुर्गच्या उष्णदेशीय आजारांच्या तज्ज्ञाला तिने दोनदा फोन केला. बुधवारी मोठ्या डॉक्टरांबरोबर सहा विद्यार्थी मला बघायला आले. माझ्या दंडाला पट्टा आवळून त्याखाली उठलेले लाल ठिपके त्यांनी मोजले, आणि एकाने हळूच विचारलं की फोटो काढला तर चालेल का. मी म्हटलं, काढ बाबा. नागपुरात मला कोणी ढुंकून पाहिलं नसतं. तिथे डेंग्यू झाला हे सांगणं म्हणजे सर्दी झाल्यासारखं, शेजारीण म्हणते, "आमच्याकडे दोघांना आहे." इथे मी एकदम दुर्मीळ प्राणी झाले होते, आणि खरं सांगायचं तर त्या सहा जणांसमोर मी उशीला टेकून जरा ऐटीतच बसले.

इकडे घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हाहाकार होता. इथली लॅब प्लेटलेट हजारांत लिहिते. मी पहिल्या दिवशी "११२" असं टाकलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. दहा मिनिटांनी उचलला तर चाळीस मेसेज. आमच्याकडे प्लेटलेट लाखांत मोजायची सवय. थोरल्या दिरांनी लिहिलं होतं, "एकशे बारा??? ही जिवंत कशी?" मग हजारांचा खुलासा झाला, म्हणजे एक लाख बारा हजार, तेव्हा कुठे ग्रुप खाली बसला. बसला म्हणजे उपायांवर आला. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध. सासूबाईंचे आवाजी निरोप यायचे, "अगं, पाला कुठून तरी मिळव गं बाई." ब्राउनश्वाइगमध्ये नवऱ्याने चार दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी एकुलती एक पपई मिळाली, कागदात गुंडाळलेली, आणि पानाबद्दल विचारल्यावर दुकानदाराने त्याला सॅलडच्या विभागात पाठवलं. दर दोन तासांनी ग्रुपवर एकच प्रश्न: प्लेटलेट किती? बुधवारी त्या एकाहत्तर हजार झाल्या आणि माझ्या आत्येसासूबाईंनी रडणाऱ्या चेहऱ्यांची एक अख्खी ओळ पाठवली.

या गदारोळात बाबा नव्हते. ते रोज सकाळी नवऱ्याबरोबर यायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, आणि रिपोर्टचा कागद आला की चष्मा लावून तो वाचायचे. मग खिशातल्या छोट्या वहीत एकच आकडा उतरवायचे. मी बुधवारी पडल्या पडल्या मान वाकडी करून पाहिलं. एकाहत्तर कुठेच नव्हतं. वहीत काल ३७ होते, आज ४०.

"बाबा, प्लेटलेट नाही लिहिल्या तुम्ही?"

लेक शाळेआधीच्या बालवाडीत होती आणि नवरा ऑफिसात, म्हणजे मधलं माणूस कोणी नव्हतं. बाबांनी खिडकीकडे बघत उत्तर दिलं. "प्लेटलेट तर सगळेच पाहून राहिले."

"मग हे काय?"

"पीसीव्ही." एवढं बोलून त्यांनी वही मिटली. इथल्या कागदावर त्याला हेमाटोक्रिट म्हणतात: रक्तात लाल पेशींचा हिस्सा किती, बाकीचं पाणी किती, त्याचा आकडा. मला वाटलं, जुन्या माणसाची जुनी सवय. आमच्या लॅबमध्येही एक आजोबा आहेत, ते अजून पाऱ्याचे थर्मामीटर पुसून ठेवतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डॉक्टर खोलीत आली की बाबा लगेच उठून बाहेर जात. सुनेला तपासत असताना सासऱ्याने खोलीत थांबायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ती दारात दिसली की हे कॉरिडॉरच्या टोकाला असावेत इतकी चपळाई. मला ते सोयीचंच होतं. का, ते आता सांगते.

गुरुवारी सकाळी माझा ताप उतरला. कानात घालायच्या थर्मामीटरने छत्तीस पूर्णांक सात दाखवलं. मी नर्सला विचारलं, याची शेवटची तपासणी कधी झाली? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे काही विचारलं नाही. पण मनात मी उड्या मारत होते. ताप गेला! आयुष्यभर मी तपमानाची चाकरी केली आणि अखेर तपमानाने मला साथ दिली. ताप गेला म्हणजे आजार गेला, आज गुरुवार, उद्या घरी, परवा पहिल्या रांगेत. इतकं सरळ गणित मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. नवऱ्याला फोन करून सांगितलं की माझी निळी साडी इस्त्रीला टाक.

एकच अडचण होती. पोटात दुखत होतं. उजवीकडे, बरगडीच्या खाली, आत कोणीतरी मुठीत धरून पिळावं तसं. सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. मी बाथरूमचं दार लावून नळ सोडला आणि उरकून घेतलं. डॉक्टर रोज तेच प्रश्न विचारायची: पोटात दुखतं का? उलटी? चक्कर? रक्त कुठून येतंय का? मला ते प्रश्न पाठ झाले होते आणि त्यांची कोणती उत्तरं दिली की घरी सोडतात हेही कळलं होतं. गुरुवारी सकाळी बाबा बाहेर गेले, ती खुर्ची ओढून बसली, आणि मी सगळ्यांना जर्मनमध्ये ठणठणीत "नाही" म्हटलं. दुसऱ्यांची यंत्रं खोटी दाखवतात म्हणून पकडणं हा माझा धंदा, पण मला स्वतःला त्या वेळी यात काही चुकतंय असं मुळीच वाटलं नाही. बायका एवढं दुखणं पोळ्या लाटता लाटता काढतात, असं मी मनाला सांगितलं. डॉक्टर म्हणाली, दुपारचं रक्त ठीक आलं आणि अशीच तब्येत राहिली तर उद्या घरी सोडण्याचा विचार करू.

दुपारी ती कागद घेऊन आली. बाबा खुर्चीत होते. सवयीने मी त्यांच्या उठण्याची वाट पाहिली. ते उठले नाहीत. मला वाटलं, त्यांचा डोळा लागला असेल. पण ते टक्क जागे होते, आणि त्यांनी हात पुढे केला. कागद मागितला. डॉक्टरने तो जरा बुचकळ्यात पडून दिला.

"प्लेटलेट अडतीस हजार आहेत," ती म्हणाली, बाबांनाही कळावं म्हणून इंग्रजीत. "पण रक्तस्राव नाही, त्यामुळे निव्वळ त्या आकड्याला मी घाबरत नाही. हेमाटोक्रिट मात्र पंचेचाळीस झालाय. तुम्ही पाणी कमी पिताय का? पोटात दुखतंय?"

"नाही."

"उलटी?"

"अजिबात नाही."

आणि मग खिडकीजवळून आवाज आला. बाबांची इंग्रजी सरकारी नोकरीतली, थोडकी पण ठाम. "नो, डॉक्टर. पेन इज देअर. व्हॉमिटिंग आल्सो, टू टाइम्स. शी इज हायडिंग. सॅटर्डे स्कूल फंक्शन."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. नऊ वर्षं हा माणूस चहा चांगला झाला हे सांगायला नातीला पाठवतो, आणि आज परक्या बाईसमोर माझ्या पोटाची आणि उलट्यांची जाहीर वाच्यता! मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "बाबा, तुम्ही बाहेर जा बरं!"

"मी नाही जात," बाबा म्हणाले. मला म्हणाले. भिंतीला नाही, खिडकीला नाही.

डॉक्टरला आमची मराठी कळायचं कारण नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पांघरूण बाजूला केलं आणि माझ्या बरगडीखाली दोन बोटं दाबली. मी किंचाळले. बाबांनी तेवढ्यापुरती मान भिंतीकडे वळवली, पण जागा सोडली नाही.

मग सगळं भराभर झालं. सोनोग्राफीत डॉक्टरने मला पडद्यावर काळी पट्टी दाखवली, यकृताच्या कडेने. तसलीच उजव्या फुप्फुसाच्या खाली. ते पाणी होतं, माझ्याच रक्तातलं, नसांतून झिरपून नको तिथे साचलेलं. तासाभरात मला दुसऱ्या मजल्यावर हलवलं, जिथे प्रत्येक खाटेला दोन पडदे आणि चार वायरी असतात. सलाइन सुरू झालं. रक्तदाबाचे वरचे आणि खालचे आकडे एकमेकांकडे सरकत होते आणि नर्स दर पंधरा मिनिटांनी ते लिहीत होती. माझे हात गार पडले होते. ताप नव्हता. कपाळ इतकं थंड की कुठल्याही थर्मामीटरने मला शाबासकी दिली असती. आणि मी घाबरले. खरंच घाबरले. मी मेले तर लेकीच्या कोनात मी लपवलेली चिठ्ठी दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवावी लागेल, असा एक विचार मनात आला आणि तो जाता जाईना.

बाबा पायथ्याशी उभे होते. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, म्हणजे बोलण्याची ताकदही नव्हती आणि रागही उतरला नव्हता. तेच बोलले. "वरण चुलीवर राहिलं की घट्ट होते ना? डाळ वाढत नाही. पाणी जाते. तुझं तसं झालं. पेशी वाढल्या नाहीत, पाणी बाहेर गेलं. ताप उतरला की जाते, ह्या आजाराचं असंच आहे. लोक ताप पाहतात आणि प्लेटलेट पाहतात." इतकी मोठी वाक्यं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मी विचारलं, उलटीचं कसं कळलं? "नळ येवढा वेळ कोण सोडते?" ते म्हणाले.

शुक्रवारी दर सहा तासांनी रक्त काढत होते. सेहेचाळीस. चव्वेचाळीस. बेचाळीस. बाबांनी आकडे उतरवले आणि मी विचारायची वाट न बघता मला सांगितले. डॉक्टर त्यांना कागद आता आधी देऊ लागली होती, मग मला. मोठे डॉक्टर आले, त्यांनी हात पुढे केला, बाबांनी आधी हात जोडून "जयभीम" म्हटलं आणि मग हात मिळवला. ग्रुपवर प्लेटलेटचा प्रश्न अजून चालूच होता. बाबांनी नवऱ्याकडून तिथे एक ओळ टाकून घेतली: "उद्यापर्यंत कोणी विचारू नये." सासूबाईंनी लगेच विचारलं, "का?"

संध्याकाळी मी जरा माणसांत आले तेव्हा त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही नेहमी बाहेर जाता. काल का नाही गेलात?"

ते वहीची कड नखाने सरळ करत बसले. मग म्हणाले, "चौतीस वर्षं मी खिडकीच्या आत होतो. नळी आत यायची, चिठ्ठी बाहेर जायची. माणूस कधी पाहिला नाही. एकदा एका बाईची पीसीव्ही बावन्न आली. डेंग्यूचाच सीझन होता. मी दोनदा करून पाहिली, बावन्नच. चिठ्ठी लिहून दिली. थोड्या वेळाने खिडकीतून पाहतो, तर घरचे तिला रिक्षात बसवून राहिले होते. ताप उतरला म्हणून. चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात. माझं काम लिहायचं होतं, बोलायचं नव्हतं. मी नाही बोललो."

"पुढे काय झालं?"

"माहीत नाही ना," बाबा म्हणाले. "तेच तर." त्यांचे डोळे भरून आले होते. मी सलाइन नसलेला हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. आमच्या घरात सून सासऱ्याच्या पाया पडते, हात धरत नाही. आम्ही दोघंही फार अवघडलो, पण सोडला कोणी नाही.

शनिवार उजाडला. नवरा लेकीला आणि बाबांना घेऊन घरून थेट शाळेत जाणार होता. पण आठ वाजता बाबाच इस्पितळात हजर. अंगात सीताबर्डीच्या शिंप्याकडून शिवून आणलेला करडा कोट, तो फक्त या एका दिवसासाठी शिवलेला, आणि पायात पॉलिश केलेले बूट. त्यांच्या मागोमाग नवरा वैतागून माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "ऐकतच नाहीत. समारंभ दहाला आहे आणि म्हणतात, रिपोर्ट सव्वादहाला येतो."

"बाबा, तुम्ही जा," मी म्हटलं. "त्यासाठीच आलात ना एवढ्या लांब?"

"रिपोर्ट येऊ दे."

"डॉक्टर आहे, नर्स आहे."

"त्या आहेत ना. मी पण आहे." आणि ते कोटाची बटणं सोडून खुर्चीत बसले.

दहा वाजून पाच मिनिटांनी नवऱ्याने फोटो पाठवला. स्टेजवर लेक, कोन तिच्या हनुवटीपर्यंत, आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती पहिल्या रांगेकडे बघत होती. माझी जागा तिथे रिकामी असणार. मी फोटो मोठा करून पाहिला आणि मला रडू कोसळलं. मी दिलेला शब्द मोडला होता, आणि मोडायला मीच कारण होते असं नाही, तरी मला तसंच वाटत होतं.  बाबा घड्याळ बघत होते.

सव्वादहाला डॉक्टर स्वतः कागद घेऊन आली. तिची सुट्टी होती त्या दिवशी, तरी ती आली होती. कागद तिने बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, बोट ओळीवर ठेवलं, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"अडतीस," ते म्हणाले. आणि मग, "लघवी बरी होऊन राहिली?"

"हो बाबा."

"पोटात दुखते?"

"थोडं. कालच्यापेक्षा खूप कमी. पण दुखतं."

त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने मान हलवली, पाणी परत जागेवर येतंय, म्हणाली, आता बरं होणार. बाबा उठले. कोटाची बटणं लावली, वर एक खाली एक चुकवली, पुन्हा लावली. "मग जाऊ का आता शाळेत?"

"एकटे? कसे जाल?"

"ट्राम आहे ना खालून. चार थांबे. मी मोजीन."

"पळा बाबा," मी म्हटलं. आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस खरोखर पळाला. कॉरिडॉरमध्ये बुटांचा आवाज मला लिफ्टपर्यंत ऐकू येत होता.

दुपारी फोन आला. लेक एका श्वासात, अर्थातच जर्मनमध्ये, सांगत सुटली. स्टेजवरून मुलांना वर्गात नेतात, तिथे पहिला तास होतो आणि तोपर्यंत आईबापांनी अंगणात केक खात थांबायचं असतं. आजोबांना ते कुठून माहीत असणार? ते अंगण ओलांडून थेट आत गेले आणि वर्गाच्या दारात जाऊन उभे राहिले, घामाघूम, कोट घालून. सगळी मुलं बघायला लागली. बाईंनी दारात जाऊन अगदी प्रेमाने विचारलं, आपण कोण?

"आणि आई, त्यांना बाईंचा प्रश्न बरोबर कळला," लेक म्हणाली. "पण त्यांना जर्मन येत नाही ना. ते मराठीतच म्हणाले, 'आई'."

 मी विचारलं, "मग?"

"मग बाईंना कळेना. त्यांनी मला विचारलं, हे कोण?"

"तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, बरोबर आहे. आज तेच आहेत."